खिडकीबाहेरची जागा



मुंबईत लेकाकडे चार दिवस राहून परत आलेली बाई गावात हमखास सांगते, "सगळं होतं गं, पण जीव घुसमटला." ऐकणारी मान हलवते. शहरच ते, घुसमटणारच. आम्ही अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या बाया आहोत. आमच्यातल्या निम्म्याअधिक तुमच्याच गावांतून आलेल्या. आमचं म्हणणं असं की ही घुसमट शहराच्या नशिबात लिहिलेली नव्हती. घरात हवा कुठून घ्यायची आणि कुठून सोडायची, हे या मुलखाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याचा नियमही झाला. मग तो नियम बाजूला ठेवून घरं उठली. ते कसं घडलं, ते आज सांगतो. तुमच्याकडे सध्या घरकुलांची कामं चालू आहेत, म्हणून ही गोष्ट तुमच्याही उपयोगाची आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी साष्टी बेटावरची गावं होती. भातखाचरं, ताडमाड, मिठागरं, मधे डोंगर. त्या डोंगरात, आजच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची लेणी आहेत. शंभरावर लेणी, आणि खोदायला सुरुवात झाली ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. मोठ्या चैत्याचे फोटो सगळे काढतात. आम्हाला मात्र भिक्षूंच्या राहायच्या खोल्या जास्त आवडतात. आधी छोटं अंगण, बाजूला पाण्याचं टाकं, मग ओसरी, मग दार आणि दाराशेजारी खिडकी. तीन बाजूंनी कातळ, तिथे कुणाचं काही चालत नाही. म्हणून उरलेली एक बाजू जमेल तेवढी मोकळी केलेली. पावसाळ्यात ओसरीमुळे पाणी आत येत नाही, वारा मात्र येतो.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी वारल्यांचे पाडे आजही आहेत. जुन्या पद्धतीच्या घराचा कुड कारवीच्या काठ्यांचा, वरून शेणामातीने लिंपलेला. कुड आणि छप्पर यांच्यामध्ये फट असे. खाली गावठाणांत कोळी, आगरी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची कौलारू घरं. नळीच्या कौलांमधून हवा जाते, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं. गरम हवा हलकी, ती वर चढते. वर फट असली की निघून जाते, आणि तिच्या जागी दारातून, खिडकीतून गार हवा आत ओढली जाते. पंखा नाही, वीज नाही, तरी घर श्वास घेतं. मराठवाड्यात माळवदाला जे सानं ठेवतात, कुणी सवणं म्हणतं, त्याचंही काम हेच. धूर जायला म्हणून ठेवलेलं ते भोक सगळ्या घराची हवा हलवत असतं.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. त्याच घरांत माजघर काळोखं असायचं, आणि बाई त्यातच. बाळंतिणीची खोली तर दारं-खिडक्या लावून बंद. वारा लागेल म्हणून फटीत चिंध्या कोंबायच्या आणि बाजेखाली शेगडी पेटवायची. ओटीवर पुरुषांना वारा मिळे. ज्या बाईला सगळ्यात जास्त हवेची गरज, तिच्या वाट्याला निखाऱ्यांचा धूर. हवा घरात येते, पण ती घरातल्या कुणापर्यंत पोहोचते, हा प्रश्न तेव्हाही होताच.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, कोकणातून, घाटावरून माणसं आली आणि शहरात चाळी उठल्या. घरमालकाला एका जागेत जितक्या खोल्या बसतील तितकं भाडं. त्यामुळे चाळीला चाळ चिकटली. दोन चाळींच्या मधे राहिली ती भंग्यांनी मैला उचलायची घाणेरडी गल्ली, आणि खोलीची एकुलती खिडकी त्या गल्लीत उघडणारी. ती खिडकी कोण उघडेल? माणसं ती बंदच ठेवायची. आत चूल, आत अंथरुणं, आत आठ-दहा माणसं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात माणसं तापाने आणि गाठींनी मरू लागली. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे हे ओळखलं. लोक शहर सोडून पळाले. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे तुम्हाला माहीत आहेच. मुंबईत सरकारने घरोघर शिपाई पाठवले. रोग्यांना उचलून नेलं, सामान जाळलं, रेल्वे स्टेशनवर बायांची तपासणी केली. त्याचा संताप फार मोठा होता. आमच्या विषयाशी संबंध आहे तो आणखी एका गोष्टीचा. शिपाई घरांच्या छपराची कौलं काढत होते. उजेड आणि हवा आत जावी म्हणून. ज्या घरात माणसांनी राहू नये असं ठरे, त्यावर इंग्रजीत तीन अक्षरं रंगवत, यू. एच. एच. म्हणजे 'माणसाने राहण्यास अयोग्य'.

तेव्हाच्या डॉक्टरांना वाटत होतं की प्लेग कुबट, दूषित हवेतून होतो. ते चुकीचं होतं. १८९८ मध्ये कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवलं, आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईतल्या प्रयोगांनी ते पक्कं केलं. पण कारण चुकलं तरी हवा-उजेडाचा आग्रह वाया गेला नाही. प्लेग हवेने जात नव्हता. क्षयाला मात्र कोंडलेली हवा फार मानवते. क्षयाचा रोगी खोकला की अगदी बारीक थेंब हवेत तरंगत राहतात. खोलीतली हवा बदलत राहिली तर ते पातळ होतात, निघून जातात. ऊन पडलं तर त्यातले जंतू मरतात. कोंडलेल्या, काळोख्या खोलीत ते तासन्‌तास राहतात.

१८९८ मध्ये मुंबईसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने सुरुवातीच्या मोठ्या कामांत काय केलं? वाऱ्यासाठी रस्ते काढले. मुंबईला दुपारी पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो. दाट वस्तीत तो शिरेना, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे रुंद रस्ते पाडले. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे त्यातले. आज तिथून टॅक्सीने जाताना हा रस्ता वाऱ्याची वाट म्हणून खोदला होता, हे कुणाच्या मनातही येत नाही. अर्थात, वाट काढताना ज्यांच्या खोल्या पाडल्या त्या सगळ्यांना ट्रस्टने नव्या खोल्या दिल्या नाहीत. ती माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहिली. सुधारणा वरून येते तेव्हा तिचा हिशेब असाच लागतो, हे आम्ही उपनगरात पुढे अनेकदा पाहिलं.

याच ट्रस्टचा एक नियम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. नाव अवघड, गोष्ट सोपी. तळमजल्यावरच्या खिडकीतून आकाश दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी जागा मधे मोकळी पाहिजे. समोरची भिंत वीस फूट उंच असेल तर मधे दहा फूट. चाळीस असेल तर वीस. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यानच दिलं. त्यात या कोनाचा हिशेब मांडला. त्यांच्या नियमातली अक्कल अशी, की त्यांनी खिडकी मोजली नाही, खिडकीबाहेरची जागा मोजली. समोर भिंत असेल तर कितीही मोठी खिडकी नुसतं भगदाड.

ट्रस्टने स्वतः बांधलेल्या चाळी साध्याच होत्या. एकेक खोली, बाहेर सामाईक गॅलरी, संडास-नळ सामाईक. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई राहत होत्या. लहान खोली, पण दार गॅलरीत उघडणारं आणि गॅलरी मोकळ्या जागेकडे. दार आणि मागची खिडकी समोरासमोर उघडी ठेवली की वारा आरपार जातो. चाळीतली बाई दुपारी गॅलरीत बसून तांदूळ निवडते, त्याचं कारण फक्त गप्पा नव्हे.

आता उपनगरांकडे येऊ. प्लेगनंतर ज्यांना परवडलं ते शहराबाहेर साष्टीच्या मोकळ्या हवेत राहायला आले. १९२० मध्ये उपनगरांचा वेगळा जिल्हा झाला. बंगले, दोन मजली घरं, भोवती आवार, आवारात आंबा-फणस. मुलुंड पश्चिमेत सरळ रस्ते एकमेकांना काटकोनात कापतात, ते याच काळातल्या आखणीचे. १९५० आणि १९५७ मध्ये मुंबईची हद्द वाढत वाढत दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. त्याच सुमारास गृहनिर्माण मंडळाने कामगारांसाठी वसाहती बांधल्या. घाटकोपरचं पंतनगर, विक्रोळीचं कन्नमवार नगर. खोल्या लहानच, पण तीन-चार मजल्यांच्या इमारती आणि मधे मुलांना खेळायला मैदान. ते मैदान मुलांसाठी होतं खरं, पण साडेत्रेसष्ट अंशांचं गणितही त्यात आपोआप बसत होतं. आज यातल्या बऱ्याच इमारती पाडून तिथे उंच टॉवर येत आहेत. नवीन घर मोठं मिळतं, लिफ्ट मिळते, त्याचा आनंद आहे. मैदानाचं काय होतं, ते मात्र नकाशात बारकाईने पाहावं लागतं.

झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना १९९५ मध्ये आली. बिल्डरने झोपडीवाल्यांना फुकट घर द्यायचं आणि त्याच जागेवर विक्रीच्या इमारती बांधून पैसा काढायचा. सुरुवातीला घर २२५ चौरस फुटांचं, पुढे २६९, त्यानंतर ३००. पावसात गळणाऱ्या पत्र्याखालून पक्क्या घरात जाणं ही बाईसाठी किती मोठी गोष्ट आहे, ते आम्ही जाणतो. घरात संडास, घरात नळ. त्याबद्दल नाकं मुरडणारे लोक बहुतेक करून रात्री संडासाच्या रांगेत उभे राहिलेले नसतात. पण जागा थोडी, घरं जास्त बसवायची, म्हणून इमारतींमध्ये सोडायच्या अंतरात सवलती दिल्या गेल्या. शंभर वर्षांपूर्वी ज्या नियमासाठी ट्रस्ट झगडला, तो इथे सैल झाला.

त्याचं काय झालं ते घाटकोपरच्या शेजारी, गोवंडी-मानखुर्दला दिसलं. प्रकल्पांत हलवलेल्या कुटुंबांसाठी तिथे मोठ्या पुनर्वसन वसाहती आहेत. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधकांनी नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी अशा तीन वसाहतींत घरोघर पाहणी केली. २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटर, म्हणजे दहा फुटांवर. तिथे क्षयाचं प्रमाण तिसऱ्या, जरा सुट्या वसाहतीपेक्षा बरंच जास्त निघालं, आणि खालच्या मजल्यांवर वरच्यांपेक्षा जास्त. आता ऑरसाहेबांचा हिशेब लावून पाहा. तळमजला आणि वर सात मजले म्हणजे साधारण पंचाहत्तर फूट उंची. मधे हवेत सदतीस फूट. आहेत दहा. त्या दहा फुटांतही लोक वरून कचरा टाकतात, सांडपाण्याचे पाइप गळतात, म्हणून खालच्या बाया खिडकी बंद ठेवतात. शंभर वर्षांपूर्वीची ती गल्लीतली बंद खिडकी पुन्हा आली, फक्त भिंती सिमेंटच्या झाल्या.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या. नवरा कामावर, मुलं शाळेत; त्या घरात चोवीस तासांतले वीस तास काढते ती बाई. स्वयंपाक तिथे, शिवणकाम तिथे, मणी ओवायचं घरबसलं काम तिथे, म्हाताऱ्यांची शुश्रूषा तिथे. घरातली हवा वाईट असली तर तिचा सगळ्यात मोठा घास बाईच्या छातीत जातो.

"मग पंखा लावा, एसी लावा," असं कुणी म्हणेल. इथे आमच्याच मैत्रिणींचा मोठा घोटाळा होतो, म्हणून थोडं थांबतो. छताचा पंखा खोलीतली हवा खोलीतच फिरवतो. अंगावरचा घाम वाळतो, गार वाटतं, पण हवा तीच. भिंतीवरचा एसीही तेच करतो. खोलीतली हवा आत ओढतो, थंड नळ्यांवरून फिरवतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेर टांगलेल्या डब्यातून जाते ती फक्त उष्णता. बाहेरची ताजी हवा त्यातून घरात येत नाही. मोठ्या दवाखान्यात, सिनेमागृहात बाहेरची हवा आत घेण्याची वेगळी सोय करतात. घरच्या एसीत ती बहुधा नसते. त्यामुळे खोकणारं माणूस घरात असेल तर दारं लावून एसी चालवणं म्हणजे त्याचा खोकला सगळ्यांना वाटून देणं. दिवसातून दोनदा तरी दार-खिडकी आरपार उघडायला हवी. आणि त्या दहा फुटांच्या फटीत पन्नास घरांच्या एसीचे डबे गरम हवा फेकू लागले, तर ज्यांच्याकडे एसी नाही त्यांच्या खिडकीतून कुठली झुळूक येणार?

विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींकडे कूलर असतो. त्याचा स्वभाव एसीच्या नेमका उलटा. ओल्या ताट्यांतून बाहेरची कोरडी हवा आत घेतो, म्हणून तो खिडकीत, बाहेरच्या बाजूला बसवायचा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवायचं. आत आलेल्या हवेला जायला वाट हवी. कूलर खोलीच्या मध्यावर ठेवून दारं लावली की तासाभरात खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. मग दोष कूलरला. मुंबईत मुळातच हवा ओली, म्हणून आमच्याकडे तो फारसा चालत नाही.

आता तुमच्या घरकुलाकडे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत गावातलं घर किमान २५ चौरस मीटरचं धरलं आहे, स्वयंपाकाच्या जागेसह. पंचवीस चौरस मीटर म्हणजे किती? २६९ चौरस फूट. आमच्याकडच्या पुनर्वसन योजनेतल्या मधल्या काळातल्या घराएवढंच! हा योगायोग कळला तेव्हा आम्ही बराच वेळ एकमेकींकडे पाहत राहिलो. माप तेच, पण तुमच्या घराच्या चारही बाजू बहुतेक वेळा मोकळ्या. जी जागा मुंबईत पैसे देऊनही मिळत नाही, ती तुमच्या खिडकीबाहेर फुकट पडून आहे. तरी आम्ही गावी येतो तेव्हा पाहतो, नव्या स्लॅबच्या घराला पुढे एक खिडकी आणि मागची भिंत सलग बंद. कौलं गेली, त्याबरोबर वरची फट गेली. सानं गेलं. गरम हवा स्लॅबखाली कोंडून राहते. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब खाली सोडतो, म्हणून रात्री बारापर्यंत सगळे अंगणात.

राष्ट्रीय इमारत संहितेत याचं एक माप दिलेलं आहे. दमट हवेच्या भागात, म्हणजे कोकणासारख्या, खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश इतकी खिडक्यांची जागा हवी, दार त्यात धरायचं नाही. कोरड्या गरम भागात एक दशांश. दहा बाय बाराची खोली घ्या, एकशे वीस चौरस फूट. कोकणात वीस चौरस फूट, म्हणजे चार बाय अडीच फुटांच्या दोन खिडक्या. मराठवाड्यात बारा, म्हणजे तीन बाय दोनच्या दोन. दोन म्हणतोय, एक मोठी नाही, कारण एका वाटेने हवा येते आणि दुसरीने जाते. दोन्ही एकाच भिंतीत ठेवल्या तर त्याचा अर्धाही उपयोग होत नाही. समोरासमोर जमत नसेल तर निदान शेजारच्या भिंतीत, आणि स्लॅबच्या लगत एक जाळीचा झरोका. चोराची भीती असेल तर गज लावा, डासांची असेल तर जाळी. जाळीने वारा कमी होतो, म्हणून तिथे खिडकी थोडी मोठी धरावी.

गवंडी विचारतील, कुठल्या भिंतीत? ते गावागावाचं वेगळं. जोतं भरण्याआधी त्या जागेवर एकदा भर दुपारी आणि एकदा रात्री जेवणं झाल्यावर जाऊन उभं राहा. उदबत्ती लावा आणि धूर कुठे पळतो ते बघा. वारा येतो त्या बाजूला निजायची खोली, जातो त्या बाजूला चूल, म्हणजे धूर घरभर फिरत नाही. शेजारणीचं घरकुलही तुमच्याबरोबरच मंजूर झालं असेल तर दोघी मिळून आधीच बोलून घ्या. दोन घरांच्या मधे किती फूट सोडायचे, आणि कुणाची खिडकी कुणाच्या भिंतीसमोर येते. गट आहे, बैठक आहे, तिथे दोरी घेऊन जा आणि जमिनीवर मापून बघा. दहा फूट उंच भिंतीसमोर पाच फूट.